आधी मेळ, मग चार्ट : डेटाबेस पहिल्यांदाच उघडणाऱ्यांसाठी

मी मूळची अकाउंट्सवाली. गुलटेकडीला एका दुग्धपदार्थांच्या वितरकाकडे बारा वर्षं खाती सांभाळली. मग ऑफिसात नवं बिलिंग सॉफ्टवेअर आलं आणि शेठ दर सोमवारी विचारायला लागले, "कोथरूडला पनीर किती गेलं? मागच्या महिन्यापेक्षा वाढलं का?" सॉफ्टवेअरमध्ये तयार रिपोर्ट ढीगभर, नेमका हाच नव्हता. बसवून देणाऱ्यांना फोन केला की नव्या रिपोर्टचं वेगळं कोटेशन यायचं. शेजारच्या काकूंचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. एका रविवारी तो चहाला आला आणि म्हणाला, "ताई, डेटा तर तुमच्याच सर्व्हरवर आहे. उघडून बघा की."

बघायला लागले, म्हणजे सॉफ्टवेअरची सगळी माहिती जिथे टेबलांत साठते तो डेटाबेस उघडला. पहिले सहा महिने जे आकडे काढले त्यांतले निम्मे चुकीचे होते, आणि चार्ट मात्र सगळे देखणे. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. वही-खात्याची सवय असेल तर तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात.

सुरुवातीला काय जमवायचं

- ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप.
- डीबीव्हर नावाच्या सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती. मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते आणि पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, एसक्यूलाइट असे बहुतेक डेटाबेस त्यातून उघडतात.
- पाच गोष्टींची चिठ्ठी : होस्ट (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट (त्या सर्व्हरवरच्या दाराचा नंबर), डेटाबेसचं नाव, युजरनेम, पासवर्ड. पोर्ट कुणी सांगितलाच नाही तर नेहमीचे घालून बघा. पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३.
- घरून काम करणार असाल तर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट. डेटाबेसचा पोर्ट इंटरनेटला उघडा करून देतो असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा.
- मालकाचा होकार, ईमेलवर. बिलिंगच्या डेटात ग्राहकांची नावं आणि मोबाइल नंबर असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर "मी सहज बघत होते" हे उत्तर पुरत नाही.
- मागच्या महिन्याच्या विक्रीचा असा एक आकडा, जो डेटाबेसमधून आलेला नाही. जीएसटीआर-१ ची (जीएसटीच्या विक्री-विवरणपत्राची) प्रत, शेठची डायरी, टेम्पोवाल्याची वही, काहीही. हा कशाला ते पाचव्या पायरीत.

१. फक्त वाचण्यापुरतं खातं मागा

सॉफ्टवेअरवाले सहसा ॲडमिनचाच पासवर्ड देऊन मोकळे होतात. घेऊ नका. वाचता येईल पण बदलता येणार नाही, असं रीड-ओन्ली खातं मागा. ते पाच मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ झाली तर शेठकडून फोन करवा.

मी ॲडमिनच्या पासवर्डने आत गेले होते. एका दुकानाचा पत्ता दुरुस्त करायला अपडेटची आज्ञा लिहिली, आणि कुठल्या दुकानाचा ते सांगणारी 'व्हेअर'ची ओळ राहून गेली. क्षणात सगळ्या दुकानांचा पत्ता एकच झाला : बिबवेवाडी, अप्पर डेपोजवळ. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचले. त्या दिवशी सकाळी झालेली बिलं मात्र हाताने पुन्हा चढवली, आणि टेम्पोवाले खाली हॉर्न देत उभे.

२. स्वतःच्या डेटाला हात लावण्याआधी नमुन्यावर हात बसवा

डीबीव्हर पहिल्यांदा उघडलं की नमुन्याचा डेटाबेस बनवू का असं ते विचारतं. हो म्हणा. नाही म्हणून बसला असाल तर हेल्प मेन्यूत तो पर्याय पुन्हा मिळतो. या नमुन्याचं नाव चिनूक. गाणी विकणाऱ्या एका काल्पनिक दुकानाचा हा डेटा आहे : ११ टेबलं, ५९ ग्राहक, ४१२ बिलं, बिलांमधल्या २,२४० ओळी. ग्राहकांत दोघं भारतातले, एक दिल्लीचा आणि एक बंगळूरचा. पुण्याचं कुणी नाही. पुणेकर तिथेही घासाघीस करून परत गेला असणार.

यात काहीही मोडलं तरी कुणाचं नुकसान नाही. दोन-तीन संध्याकाळ इथेच घालवा. कुठलंही टेबल दोनदा क्लिक करून उघडा. वर तीन टॅब दिसतील : रकान्यांची माहिती, प्रत्यक्ष डेटा, आणि टेबलांची नाती दाखवणारी आकृती. मी सगळ्यात जास्त वापरते ती आकृती. कुठलं टेबल कुठल्या टेबलाला कशाने बांधलंय हे रेषांतून दिसतं. आधी वही घ्या आणि ती आकृती हाताने काढा. हसू नका, काढा. प्रिंटआउट भिंतीवर राहतो. हाताने काढलेलं डोक्यात राहतं.

३. खरं कनेक्शन जोडा, आणि पाटी लावा

चिठ्ठीतल्या पाच गोष्टी भरल्या की 'टेस्ट कनेक्शन' दाबा. पहिल्या वेळी ते ड्रायव्हर (त्या डेटाबेसशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवून घेऊ का विचारतं, त्याला हो म्हणा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पोर्ट चुकलाय किंवा सर्व्हरने दार लावलंय. बराच वेळ नुसतं फिरत राहिलं तर बहुधा व्हीपीएन लावायचं विसरलात. पासवर्डची चूक असेल तर ते स्वच्छ तसं सांगतं.

मग दोन गोष्टी लगेच करा. कनेक्शनचा प्रकार 'प्रॉडक्शन' निवडा, म्हणजे त्या खिडक्या लाल रंगात दिसतात. आणि 'रीड-ओन्ली कनेक्शन'वर टिक करा. सर्व्हरवरचं खातं रीड-ओन्ली असलं तरी करा, कडी आणि कुलूप दोन्ही असलेलं बरं. कनेक्शनला नाव देता येतं. माझ्या कनेक्शनचं नाव आहे 'चालू हिशेब : विचारल्याशिवाय हात लावू नये'.

४. पहिला आठवडा नुसतं बघा

चार्ट काढायची घाई होईल. थांबा. प्रत्येक महत्त्वाच्या टेबलाला हे विचारा.

एकूण ओळी किती? इथे पहिली फसगत आहे. डीबीव्हर आधी फक्त २०० ओळी आणून दाखवतं, खाली सरकलात की पुढच्या आणतं. मी सुरुवातीला त्या दोनशे ओळी निवडून एक्सेलमध्ये चिकटवल्या आणि बेरीज केली. महिन्याची विक्री एका सकाळच्या विक्रीएवढी आली. मोजायचं असेल तर 'काउंट'ची आज्ञा द्या, डोळ्यांवर जाऊ नका.

एक ओळ म्हणजे काय? एक बिल, बिलातली एक वस्तू, की एक डिलिव्हरी? हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत त्या टेबलाचा चार्ट काढू नका.

रिकामे रकाने किती? पैशांच्या रकान्यात शून्य आणि रिकामं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे फुकट दिलं, रिकामं म्हणजे लिहिलंच नाही. सरासरी काढताना रिकामी ओळ धरलीच जात नाही, शून्याची धरली जाते.

स्टेटसचा रकाना आहे का? आमच्याकडे रद्द झालेलं बिल खोडलं जात नाही, त्याच्यापुढे फक्त 'सी' लागतो. दोन महिने मी रद्द बिलंही विक्रीत धरत होते. परत आलेलं दही तर वेगळ्याच टेबलात होतं, क्रेडिट नोटच्या. हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. बिलं फाडणाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसा, त्याला सगळं माहीत असतं.

५. मेळ लावा

हा माझा लाडका भाग, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच पडतात.

दोन टेबलं जोडली, म्हणजे जॉइन केला, की ओळी वाढू शकतात. चिनूकवर करून बघा. बिलांच्या टेबलातल्या 'टोटल' रकान्याची बेरीज २,३२८.६० येते. आता बिलांना त्यांच्या ओळींचं टेबल जोडा आणि त्याच रकान्याची पुन्हा बेरीज करा. उत्तर आठपटीहून जास्त येईल. एरर नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. चौदा वस्तूंचं बिल चौदा वेळा मोजलं गेलं, एवढंच.

आमच्याकडे हे टेम्पोभाड्यात झालं. भाडं बिलावर एकदाच लागतं. मी वस्तूंच्या ओळी जोडून मग भाड्याची बेरीज केली, तर महिन्याचं भाडं टेम्पोच्या किमतीच्या वर गेलं. आकडा इतका वेडा होता म्हणून लक्षात आला. तो वीस-पंचवीस टक्क्यांनी फुगला असता तर मी तो छापून शेठच्या टेबलावर ठेवला असता. उपाय साधा आहे : ज्या पातळीवर पैसा लिहिलाय त्याच पातळीवर त्याची बेरीज करा, आणि जोडणी त्यानंतर.

याच्या उलटंही होतं. साध्या जॉइनमध्ये ज्या ओळीला जोडीदार सापडत नाही ती गळून जाते. ज्या दुकानांनी या महिन्यात काहीच घेतलं नाही ती यादीतूनच नाहीशी होतात, आणि शेठला नेमकी तीच हवी असतात. तिथे 'लेफ्ट जॉइन' लागतो, तो पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवतो, जोडीदार असो वा नसो.

म्हणून माझा नेम ठरलेला आहे. जोडणीच्या आधी ओळी मोजा, नंतर मोजा. मग एकूण बेरीज त्या बाहेरच्या आकड्याशी ताडून बघा. रोजमेळ लिहिणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण सॉफ्टवेअरचा आकडा स्क्रीनवर दिसला की आपणच ताडून बघायचं सोडून देतो. फरक पाच रुपयांचा असला तरी शोधा. मला एकदा असाच छोटा फरक मिळाला होता. मागे लागल्यावर कळलं की एकाच नंबरची दोन बिलं आहेत, एक जुन्या आर्थिक वर्षातलं आणि एक नव्या. १ एप्रिलला बिलांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. नुसत्या बिल नंबरवर जोडणी केली की दोन वर्षं एकमेकांत मिसळतात.

६. घड्याळ तपासा

पहिल्या वर्षीच्या कोजागिरीला मी मोठ्या हौसेने रोजच्या दूधविक्रीचा चार्ट केला. सगळ्यात उंच काडी आली कोजागिरीच्या आदल्या दिवशी. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट मी कारणही शोधून ठेवलं, लोक आगाऊ खरेदी करत असणार. शेठनी चष्मा वर केला आणि विचारलं, "आदल्या दिवशी दूध नेऊन लोक काय चंद्राची वाट बघत बसतात?"

झालं होतं असं. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहीत होता. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत जे घडतं, त्यावर तिथे आदल्या दिवसाची तारीख पडते. आमचे टेम्पो निघतात पहाटे तीन ते पाच. म्हणजे जवळपास सगळा धंदा एक दिवस मागे सरकलेला! महिन्याची बेरीज बहुतांशी बरोबर यायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वाराप्रमाणे काढलेले सगळे चार्ट मात्र फेकून द्यावे लागले.

तुमचं दुकान दहाला उघडत असेल तर हे तुम्हाला कदाचित कधीच जाणवणार नाही. दूध, पेपर, भाजी, फुलं किंवा रात्रपाळी असेल तर पहिल्याच दिवशी बघा. आत्ता एक बिल फाडा आणि डेटाबेसमध्ये त्याची वेळ वाचा. साडेपाच तासांचा फरक दिसला तर दिवसानुसार गट पाडण्याआधी वेळ 'एशिया/कोलकाता'मध्ये बदलून घ्या. पोस्टग्रेसमध्ये वेळेचे दोन प्रकार असतात, टाइमझोनसह आणि टाइमझोनशिवाय. दुसऱ्या प्रकारचा रकाना असेल तर मेटाबेससारख्या चार्टच्या साधनात (ते आठव्या पायरीत येतं) रिपोर्टचा टाइमझोन बदलूनही काही हलत नाही, क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला लिहिलेल्या आज्ञेतच, बदलावं लागतं.

७. मराठी मजकुराचे हाल

मराठीच्या जागी सरसकट प्रश्नचिन्हं दिसली तर दुखणं साठवण्यातच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या 'व्हारचार' रकान्यात मराठी घातलं की बहुधा असं होतं, तिथे 'एनव्हारचार' लागतो. प्रश्नचिन्हं होऊन बसलेला मजकूर परत येत नाही.

डेटाबेसमध्ये मराठी नीट दिसतंय आणि एक्सेलमध्ये उघडल्यावर किडेमुंगे, तर डेटा शाबूत आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेन्यूतून आत घ्या आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा. डीबीव्हरमध्ये निर्यात करताना बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग ओळखायची खूण) घालायचा पर्याय आहे, तो निवडला तरी काम होतं. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असू शकतो. मग आधी युनिकोडमध्ये रूपांतर, बाकी सगळं नंतर.

सगळ्यात छळतं ते शुद्धलेखन. 'कोथरूड' आणि 'कोथरुड' ही संगणकाला दोन गावं. 'सदाशिव पेठ', 'सदाशिवपेठ', 'स. पेठ' ही तीन. यांच्याही वरताण निघालं 'गोऱ्हे बुद्रुक'. खडकवासल्याच्या पुढचं हे गाव यादीत दोनदा यायचं आणि दोन्ही नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी. ऱ्ह मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो : एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला एक, आत वेगळे. तुमच्या यादीत 'कऱ्हाड' असेल तर आजच बघा.

उपाय म्हणून मी भागाच्या नावाऐवजी पिनकोडवर गट पाडते. कोथरूड ४११०३८, सदाशिव पेठ ४११०३०. तोही अगदी अचूक नाही, ४११०३० मध्ये नवी पेठही येते. पण निदान पिनकोडात ऱ्हस्व-दीर्घ नसतं.

८. आता चार्ट

आठवी पायरी आली आणि आत्ता कुठे चित्र. एकट्यापुरतं बघायचं असेल तर एक्सेल पुरे. दर सोमवारी चार जणांना दाखवायचं असेल तर मेटाबेस बसवा. त्याची मुक्त आवृत्ती मोफत आहे, स्वतःच्या मशीनवर चालते आणि ब्राउझरमध्ये ३००० पोर्टवर उघडते. क्वेरी न लिहिता, टेबल निवडून, गाळून, गट पाडून प्रश्न विचारता येतात. 'एक्स-रे' नावाची सोय एखाद्या टेबलाचे दहा-बारा चार्ट आपोआप मांडून देते. ओळख करून घ्यायला छान, पण पाचव्या पायरीतलं काहीच त्याला ठाऊक नसतं.

बसवताना एक खबरदारी घ्या. मेटाबेस स्वतःची माहिती, म्हणजे तुम्ही बनवलेले प्रश्न आणि डॅशबोर्ड (एका पानावर मांडलेले चार्ट), मुळात एच-टू नावाच्या छोट्या फाइल-डेटाबेसात ठेवतं. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर 'कंटेनर' नावाच्या सुट्या डब्यात चालवायची सोय) ते चालवलंत आणि कंटेनर काढून टाकलात, तर डॅशबोर्डही त्याच्याबरोबर जातात. माझे चौदा गेले. पहिल्या दिवशीच ती साठवण पोस्टग्रेसवर न्या.

चार्टचा प्रकार निवडताना फार डोकं लावू नका. काळानुसार बदल असेल तर रेघ, तुलना असेल तर आडव्या पट्ट्या. आडव्या अशासाठी की 'धनकवडी', 'वडगाव शेरी' अशी नावं तिरकी न करता वाचता येतात. पट्ट्यांचा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. चारपेक्षा जास्त तुकड्यांचा पाय चार्ट मी दाखवत नाही, शेठ त्यातला सगळ्यात मोठा तुकडा बघून बाकीचं सोडून देतात.

९. बाकीची साधनं, थोडक्यात

एसक्यूलाइटची एकच फाइल उघडायची असेल तर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' हलकं आणि पुरेसं आहे. पोस्टग्रेसची देखभालही करायची असेल तर पीजीअ‍ॅडमिन. अपाचे सुपरसेट २०१५ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं. ताकदवान आहे, पण बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस हवा. ग्राफानाचा खरा पिंड क्षणाक्षणाला बदलणाऱ्या मापांचा. शीतगृहाचं तापमान बघायला उत्तम, पनीरच्या विक्रीला उगाच. पॉवर बीआय डेस्कटॉप मोफत आहे पण फक्त विंडोजवर चालतं, आणि इतरांशी नीट वाटून घ्यायचं म्हटलं की परवान्याचे पैसे सुरू होतात. टॅब्लो पब्लिकपासून मात्र सावध : नावातच सांगितलंय, तिथे चढवलेलं जगाला दिसतं. ऑफिसचा डेटा तिथे नाही.

१०. दाखवण्याआधी

डॅशबोर्डवर ग्राहकाचं नाव आणि मोबाइल खरंच हवेत का ते बघा. बहुतेक वेळा पिनकोड आणि दुकानाचा कोड पुरतो. मेटाबेसमधली 'पब्लिक लिंक' बंद ठेवा. बघणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरलेली लिंक परत घेता येत नाही.

आणि डॅशबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात मजकुराचं एक छोटं कार्ड लावा. माझ्या कार्डावर चार ओळी असतात : डेटा कुठल्या तारखेपर्यंतचा, रद्द बिलं वगळली की नाही, परतावा वजा केला की नाही, आणि मेळ कशाशी लावला व फरक किती. मागच्या सोमवारी तिथे लिहिलं होतं 'फरक ३४० रुपये, शोध चालू'. शेठनी चार्टकडे बघितलंच नाही. डायरी काढली, पानं उलटली आणि म्हणाले, "मार्केट यार्डातला रोखीचा क्रेट. बिल राहिलंय ते."